पांढऱ्या कप्प्यात

२८ ऑक्टोबर १९२०

पोचले एकदाची! दिवसभर खेचरावर बसून अंग आंबून गेलं होतं, पण वळणावर पेत्रोलाकाची दगडी घरं दिसली आणि सगळा शीण पळाला. अथेन्सच्या मैत्रिणी चिडवत होत्या, की विद्यापीठाची पदवी घेऊन डोंगरात शेळ्यांना व्याकरण शिकवणार का म्हणून. शेळ्या आहेतच, पण मुलीही आहेत, आणि त्यांच्या शाळेला आजवर बाईच मिळाली नव्हती.

राहायला द्यामान्दोकाकूंकडे खोली मिळाली. काकू विधवा, एकट्या, तोंडाने फटकळ. माझी ट्रंक उचलताना म्हणाल्या, "पुस्तकं आहेत का नवरा लपवून आणलायस?" आंबट दुधात शिजवलेली गव्हाची पेज आणि भाजलेले चेस्टनट पुढ्यात ठेवून मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. खिडकीजवळच्या खिळ्यावर मी पदवीदानाच्या दिवशीचा माझा फोटो टांगला. बाबा कालामाताच्या बंदरावर मासे विकतात, आईला सही येत नाही. आमच्या घरातली पहिली पदवी त्या फोटोत आहे. काकूंनी काच पुसली. म्हणाल्या, "दिसतेस मात्र अगदी उमेदवारासारखी!"

१ नोव्हेंबर

आज संसदेचं मतदान झालं. बायकांना मत नाही, पण चर्चमधल्या बायकांच्या सज्जातून मी सगळं पाहिलं. प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा डबा, त्यावर त्याचा फोटो. आत दोन कप्पे, उजवा पांढरा आणि डावा काळा. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नको. पुढे एक नळकांडं. मतदाराला शिशाची गोळी देतात. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, आतल्या आत मनगट वळवतो आणि हव्या त्या कप्प्यात गोळी सोडतो. बाहेर कुणाला काही कळत नाही. मला हे फार सुंदर वाटलं. बाहेर जमीनदार असो की मेंढपाळ, त्या अंधारात ज्याचं मनगट त्याचं स्वतःचं.

५ नोव्हेंबर

अथेन्सचं सरकार पडलं! पंतप्रधान स्वतःसुद्धा हरले म्हणतात. राजा परत येणार म्हणून गावात घंटा, बंदुकांचे बार, वाइनची पिंपं. फक्त डॉक्टर अनार्गिरोस यांच्या दाराला कुणीतरी डांबर फासलं. डॉक्टर पडलेल्या पक्षाचे. शिवाय फौजेसाठी गावची पोरं तपासून धडधाकट ठरवली ती त्यांनीच, आणि त्यातली काही आशिया मायनरच्या युद्धातून परतली नाहीत. मला ते सज्जन वाटतात. माझ्या खोकल्यावर त्यांनी मध घालून काढा करून दिला. दाराकडे बघून म्हणाले, की डांबर निदान थंडी तरी अडवेल.

७ नोव्हेंबर

सरपंच लिकुर्गोस शाळेत आले होते. मतदानाचा एक जुना डबा गावाने स्वतःकडे ठेवला आहे. उद्या प्रार्थनेनंतर गावची घरगुती निवडणूक. डॉक्टरांनी इथे राहावं की नाही, एवढाच प्रश्न. आणि बायकांनाही मत! मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. घरी येऊन काकूंना सांगितलं, तर त्या भांडं घासतच राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी हरखू नकोस गं पोरी."

८ नोव्हेंबर

माझं आयुष्यातलं पहिलं मत. नीट लिहून ठेवलं पाहिजे.

गोळी जड आणि गार होती. मी हात आत घातला, उजवीकडे वळवला. बोटं उघडायच्या आत डावीकडून कुणीतरी ती घेतली. हिसकावली नाही. लहान मूल आपल्या मुठीतला खाऊ काढून घेतं तशी, हळूच, एकेक बोट सोडवून. मी हात ओढून घेतला. आतलं अस्तर लागलं असेल.

डबा उघडला तेव्हा सगळ्या गोळ्या काळ्या कप्प्यात होत्या. पांढऱ्यात एकही नाही. सरपंच म्हणाले, एकमतानं. मी उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, की मी पांढऱ्यात टाकली होती. मग सरपंच हसले. म्हणाले, "म्हणजे खोटं कोण बोलतंय, मास्तरीणबाई की डबा? डबा तर आमच्या आज्याच्या वेळचा आहे!" सगळे हसले. माझ्याकडे मात्र कुणी बघेना.

१० नोव्हेंबर

डॉक्टर शाळेपाशी आले. उजवा हात मनगटापर्यंत काळा, चुलीत घालून काढल्यासारखा. धुऊन जात नाही. दुखत नाही म्हणाले, फक्त त्या मनगटात नाडी लागत नाही. जवळच्या त्रिपोली शहरातल्या इस्पितळात जा म्हणून मी विनवलं. ते कालच निघाले होते. पुलावर पाय उचलेना.

१२ नोव्हेंबर

काल काळं डॉक्टरांच्या गळ्यापर्यंत चढलं होतं. आज त्यांच्या अंगणात खुर्ची, खुर्चीवर कोट, कोटावर चष्मा. बाह्यांमध्ये काजळी. सरपंचांच्या बायकोने येऊन ती झाडून टाकली, रोजचा केर काढावा तशी.

काकूंना खोदून विचारलं. त्यांनी दार लावलं आणि माझ्या कानाशी आल्या. त्यांनीही पांढऱ्यातच टाकली होती. दरवेळी पांढऱ्यातच टाकतात. नवऱ्याच्या वेळीसुद्धा.

मग बोलला का नाहीत, म्हणून मी ओरडले. काकू म्हणाल्या, "एकटं बोलणाऱ्याचा फोटो पुढच्या रविवारी डब्यावर लागतो, बाळा."

म्हणजे कदाचित सगळेच पांढऱ्यात टाकत असतील. सगळेच. आणि एकालाही दुसऱ्याचं माहीत नाही.

१४ नोव्हेंबर

खिडकीजवळचा खिळा रिकामा आहे.

काकू माझ्याकडे बघत नाहीत. आज पेज खारट झाली होती. त्या पातेल्यावर वाकून रडत होत्या.

१५ नोव्हेंबर

डब्यावर माझा फोटो. काच लख्ख पुसलेली.

मलाही गोळी दिली, नियम म्हणून. मी उजवीकडे वळवला हात. त्याने घेतली. या वेळी बोटं जरा धरून ठेवली — ओळख पटल्यासारखी.

एकमतानं.

१६ नोव्हेंबर

सकाळपासून एकेक जण येतोय. खेचरवाला चीज घेऊन आला, टोपी चुरगाळत म्हणाला, "बाई, मी पांढऱ्यातच टाकली हं." मग मुलींच्या आया. मग पाद्रीबाबा. शेवटी सरपंच, मान खाली घालून — तेच वाक्य.

मी प्रत्येकाला सांगतेय, की हेच चर्चमध्ये मोठ्याने म्हणा. सगळे म्हणालात तर डबा खोटा ठरेल. ते मान डोलावतात. अंडी ठेवून जातात.

मनगट काळं झालंय.

१७ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं.

पुलापर्यंत गेले. पाय —

आईला कोण कळवणार. तिला वाचताही —

उद्या चर्चची घंटा मी वाजवणार. सगळे येतील. एक जण बोलला की दुसरा बोलेल. एकच पुरे आहे. मला खात्री आहे.

१८ नोव्हेंबर

आलेत. सगळे. मी बोलायला उभी राहिले — आवाज नाही — गळ्यापर्यंत आलंय. खुर्चीत बसून लिहितेय. कुणी बोलत नाही. सगळे आपापल्या उजव्या हाताकडे —

काकू उठल्या. सरपंच म्हणताहेत खाली बस — बसल्या नाहीत —

म्हणा काकू. फक्त एवढंच, की पांढऱ्या —

माझ्याकडे बघताहेत. तोंड उघडलं. म्हणतील. नक्की म्हण