राहत्या घरातला धंदा

प्रिय सूनबाई,

हा शब्द तुझ्या नव्या सासूच्या कानावर जाऊ देऊ नकोस, उगाच भांडण लागेल. माझ्या तोंडात दुसरा शब्द बसत नाही. मुलगा गेला, तुझं दुसरं लग्न मीच पुढाकार घेऊन लावून दिलं, तरी माझ्यासाठी तू सूनच.

तू परवा गेल्यापासून घर खायला उठलंय. शाळेतल्या बाई येऊन त्यांचा डावा बूट घेऊन गेल्या. एक पाय आखूड असलेली बाई दारापर्यंत सरळ चालत गेली, आणि वळून माझ्याकडे बघून हसली, जणू तो जाड तळ मीच लावला. मीही हसून घेतलं. फुकटचं श्रेय कोण सोडतं?

खरं म्हणजे रापी आता माझ्या हातात ठरत नाही. चामडं कापायला घेतलं की पातं भलतीकडेच जातं, परवा अंगठ्यावरच फिरलं. पायाचं माप घेणं, साच्यावर बोट फिरवून बूट कुठे टोचेल ते सांगणं, एवढंच मला जमतं. बाकी सगळी तू. तू नाहीस तर हा धंदा नाही, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. आणि माझ्या सासऱ्यांनी शिकवलेलं हे काम सुटलं तर दिवसभर मी करू काय, याची मला फार भीती वाटते.

नगरपालिकेच्या परवान्याचा नियम तर तुला पाठच आहे. राहत्या वस्तीत घरातून धंदा करा, पण तो घरात राहणाऱ्यांनीच करायचा. पाटी नको, आवाज नको, बाहेरचा कामगार तर नकोच नको. सून चालते, पण लग्न करून दुसरीकडे गेली की ती कामगार. मोठ्या रस्त्यावर गाळा घ्यायचा तर मला विकूनही भागणार नाही, आणि तुझ्या चौथ्या मजल्यावरच्या घरात शिलाईचं यंत्र लावायलाच बंदी. मग तूच शक्कल काढलीस. आठवड्याचे पहिले दिवस इथं राहायचं, उरलेले तिकडे. कपाटात तुझे कपडे, मोरीत तुझा ब्रश, साहेब कधीही तपासायला येवोत. मी नको नको म्हणत हो म्हटलं. पलीकडच्या खोलीत तुझी चाहूल लागली की जिवाला बरं वाटायचं, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात तू चामडं आणायला गेली होतीस, तेव्हा तुझा नवरा येऊन गेला. तुला बोलले नाही. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाला, बसलाही नाही. बराच वेळ फळीवरच्या साच्यांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आई, ती तुमच्याकडे राहते की माझ्याकडे, तेवढं एकदा सांगा. मी तसं मन घट्ट करतो."

रागावला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते. पण तो रागावलाच नाही. तुझ्यासाठी रिकामा केलेला कप्पा अजून रिकामाच आहे, एवढं सांगून जिना उतरला. माझा मुलगा गेला तेव्हा तुझी काय दशा झाली होती ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुझा दुसरा संसार माझ्या बुटांपायी मोडलेला मला बघवणार नाही.

समोर बसवून सांगितलं असतं तर तू रडून मला गप्प केलं असतंस, म्हणून लिहिते. सोमवारी येऊ नकोस. तुझे कपडे या पत्रासोबत पाठवलेल्या पिशवीत घडी करून ठेवलेत. आज सकाळी तपासणीचे साहेब आले होते, जाताना परवाना घेऊन गेले आणि यंत्राला सील लावलं. वाईट माणूस नव्हता. बूट तू शिवतेस हे त्याला ठाऊक होतं. कपाट उघडं होतं, त्यात तुझे कपडे दिसत होते. त्यानेच मला वाट काढून दिली, "सूनबाई बाहेर गेल्यात वाटतं? येतील ना संध्याकाळपर्यंत?" नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी म्हटलं, "नाही, साहेब. इथं मी एकटीच राहते."

तुझीच,
आई