बाजारातला शेख

५ जून १९७९, दोहा

साहेबाबरोबर फ्रान्सला जायचं, नव्या टेलेक्स मशीनच्या ट्रेनिंगला. ऑफिसात सगळे जळतायत. मला मशीनचं काय कौतुक? फिलूला आणि बेबीला इथे आणायचं तर कंपनीच्या पत्रावर साहेबाची सही लागते, आणि पत्र त्याच्या टेबलावर धूळ खातंय. बेबी मी इकडे आल्यावर जन्मली. बापाला फोटोतच ओळखते. अल नस्र भागात खोलीसुद्धा बघून ठेवलीय. "परत आलो की करू," म्हणाला. जातो बाबा.

१५ जून, फ्रान्स

ट्रेनिंग खलास. उद्या सा. (अख्खा 'साहेब' लिहायची आता इच्छा नाही) त्याच्या गावच्या आठवडी बाजाराला नेणार. मी खूश. तर चहाच्या वेळी बॅगेतून काढलं काय? अरबी पांढरा झगा, डोक्याचा रुमाल, वरची काळी दोरी. सूक वाकिफ बाजारातून घेतलेलं, माझ्या मापाचं. म्हणजे दोह्यातच ठरवून ठेवलेलं या माणसाने. गावभर सांगितलंय, "शेख लोक माझ्या खिशात असतात, एक घेऊनच येतो."

"नुसतं चालायचं, मान हलवायची. गंमत."

म्हटलं, सर, नको.

"तुझं ते पत्र आहे माझ्या लक्षात."

हलकट.

१६ जून

घातला झगा. शी.

गाव तसं छान. कोबी, चेरी, पिंजऱ्यात ससे, पाय बांधलेली बदकं. काही बघू दिलं असेल तर शपथ. सा. माझ्या खांद्यावर हात टाकून वरातीतल्या घोड्यासारखं मला फिरवत होता. लोक टोप्या काढत होते. मी मान हलवत होतो.

एक म्हातारी डुकराचं मांस विकत होती. हॅम, सॉसेज. मला बघून तिने घाईघाईने सगळ्यावर फडकं टाकलं. पाहुण्याच्या धर्माला चालत नाही म्हणून! मी वसईचा ख्रिस्ती माणूस, वासानेच तोंडाला पाणी सुटलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात चर्चची दुपारची घंटा झाली. दोह्यात चर्च नाही, घंटा ऐकून वर्षं झालेली. हात आपोआप कपाळाला गेला, छातीला, दोन्ही खांद्यांना. ओठही हलायला लागले. शेखाच्या वेषात, भर बाजारात, क्रुसाची खूण.

मग मागे कोणीतरी हसलं, मग बरेच.

म्हातारी हसली नाही. माझ्याकडे बघितलं, मग सा.कडे, किळस आल्यासारखं. फडकं काढलं, सॉसेजचा तुकडा कापून माझ्या हातात दिला. सा.ला काहीतरी बोलली, थोडंच. त्याचं तोंड लालबुंद. मी तिथेच उभ्याने खाल्लं. गोड लागलं नाही. तिने मला माणूस म्हणून दिलं, आणि मी तिला फसवायला आलेलो.

गाडीत सा. एवढंच म्हणाला, "एक हात तुला आवरता आला नाही?"

२५ जून, दोहा

पत्र तिथेच. वर आता चहाच्या कपाचा डाग. विचारलं तर "बिझी आहे." फिलूला काय कळवू? तिने शेजारणींना सांगूनही टाकलंय.

२६ जून

सा.ने केबिनमध्ये बोलावलं. पत्र समोर, पेन उघडलेलं. जीव भांड्यात पडला.

"गुरुवारी माझ्या घरी पार्टी आहे. पॅरिसचे पाहुणे. तोच झगा घालून ये. नंतर सही, इन्शाल्ला."

मी पत्राकडे बघत राहिलो.

हसत म्हणाला, "घाबरू नकोस. इथे घंटा वाजत नाही."

"यस सर," म्हणून बाहेर आलो. त्या दिवशी बाजारात हात आपला आपण वर गेला होता. आज जीभही तशीच निघाली.

संडासात जाऊन तोंड धुतलं. तरी तोंडाची चव जाईना.

२७ जून

झगा सा.ने ड्रायव्हरबरोबर खोलीवर पाठवलाय. इस्त्री करून. पलंगावर पडलाय. मी खाली चटईवर बसून लिहितोय. पार्टी उद्या.