सुकाणू सुनेला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पेशाने दातांची डॉक्टर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसे निकामी होत आली आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घरातल्यांचे म्हणणे, दडपण असते ते माझेच.

१. राहते घर व बँकेतील ठेवी धाकट्या मुलाला द्याव्यात. थोरला असता तर निम्मे-निम्मे केले असते.

२. दवाखान्यातली खुर्ची भंगारात घालावी. तिच्यावर बसून अर्ध्या गावाने मला मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत. ती कोणाच्या घरात ठेवू नये.

३. माझ्या पतीची हत्यारे, म्हणजे रंधे, पाने व शिडे शिवायच्या सुया, आमच्या बोटीच्या सुताराला द्यायची होती. परंतु साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. सुतार म्हणाला, "डॉक्टरबाई, हत्यारं राहू द्या. मी सही करतो." सबब ती नातीला द्यावीत. ती मोठी होईपर्यंत कोणीतरी त्यांना तेल लावत जावे.

४. शिडाची बोट. हे कलम लांबणार आहे.

मुले लहान असताना आम्ही ती जुनी विकत घेतली. दर वर्षी पाण्याबाहेर काढायची, खरवडायची, फटी भरायच्या, रंग द्यायचा. हे गेल्यावर धाकट्याने ती हातात घेतली. नवी शिडे आली, नवी डोलकाठी आली, दिशा दाखवणारा स्क्रीन आला, फ्रीजसुद्धा आला. पोराला बापाचे हात आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोटीच्या पोटाखाली शिशाचे वजन असते, ते तिला उलटू देत नाही. ते ज्या बोल्टांवर लटकते, ते त्याने एकदाही काढून पाहिले नाहीत. उलट त्यांच्यावर सागवानी फळ्या ठोकून टाकल्या.

थोरला याच कारणाने गेला. त्याची बोट दुरुस्त करणाऱ्या कारखानदाराने वरून नट आवळले, चकचकीत रंग फासला आणि "आता बघायलाच नको" म्हणून पाठ थोपटली. भर समुद्रात वजन सुटले आणि बोट उलटली. तो कारखानदार माझ्या अंत्यविधीला आलाच तर त्याला पाणीसुद्धा विचारू नये.

बोल्ट वरून शाबूत दिसतो, खालूनही दिसतो. लाकूड आणि शिसे एकमेकांना टेकतात तिथे पाणी त्याला मधल्या मध्ये खाते. वरून कीर्तन, आतून तमाशा. सोन्याच्या टोपीखालचे कुजके दात मी जन्मभर उपटले आहेत.

धाकटा म्हणतो, "आई, नट बघ ना, नव्यासारखे आहेत." तो निष्काळजी नाही. त्याला भीती वाटते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, हा ताकाकडे बघतच नाही. मी जास्त बोलले की त्याचा महिनाभर फोन नाही. मी जिवंत आहे तोवर बोट जमिनीवर टेकूंच्या आधाराने उभी आहे. पण नातीला घेऊन लांबच्या सफरीला जायचे त्याने केव्हाच ठरवले आहे. मी गेल्यावर त्याला अडवणार कोण?

सबब बोट धाकट्याची, सुकाणू सुनेचे. ते मी उतरवून घेतले असून सुताराच्या कुलपात आहे. सुनेने सगळे बोल्ट काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, मगच सुताराने ते तिच्या हवाली करावे. सुकाणूवाचून बोट कुठे जात नाही.

सुनेलाच का, तेही लिहिते. आमचे कधी पटले नाही. मी घासलेली भांडी तिने पुन्हा घासली, मी सांगितलेले औषध दुसऱ्या डॉक्टरला दाखवून आली. हा राग मी लग्नापासून जपून ठेवला. आता मला असेच संशयी माणूस हवे आहे.

५. सही करण्यापूर्वी वाढवलेले.

सुताराच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने सुनेला सगळे सांगून टाकले. आज दुपारी ती आली, हात वंगणाने काळे, केसांत लाकडाचा भुसा. नव्या फळ्या तिने उचकटल्या होत्या आणि पाना धाकट्यालाच धरायला लावला होता. तिने माझ्या पांघरुणावर बोल्ट ठेवला.

"पहिलाच काढला, आई. अर्धाच आला," ती म्हणाली. "ओढावासुद्धा लागला नाही."

त्याचे तुटके टोक पेन्सिलीएवढे बारीक झाले होते. मी तिचा हात धरला. दोघी रडलो. इतक्या वर्षांत असे झाले नव्हते.

कलम ४ तसेच राहील. सगळे बोल्ट नवे घालावेत, आणि ते आवळताना सुनेने उभे राहावे.

धाकटा खाली जिन्यात बसला आहे. साक्षीदार येऊन थांबले आहेत. मी सुनेला सांगितले, त्याला वर आण, मी बोल्टाबद्दल चकार शब्द काढणार नाही. थोरला गेल्यापासून या घरात कोणी त्याचे नाव घेतलेले नाही. आज धाकट्याने घेतले तर मी ऐकेन.

तो वर आला. दारातूनच म्हणाला, "आई, दादाच्या बोटीचे नट मीही बघितले होते गं. चांगले दिसत होते."

त्याला जवळ बसवून सही करते.

सही : (दातांची डॉक्टर, दोन मुलांची आई)

साक्षीदार १ : बोटीचा सुतार, हत्यारे न घेता
साक्षीदार २ : घरी इंजेक्शन द्यायला येणारी नर्स

ठिकाण : राहत्या घराच्या माडीवरची मागची खोली
तारीख : ९ मार्च, सोमवार