तिसऱ्या रांगेतलं तिकीट

सोमवार, ४ मार्च

आज गेटवरून बारा जण परत पाठवले. सगळ्यांच्या तिकिटावर एकच क्रमांक! कुण्या लबाडानं नेटवर एकच तिकीट सगळ्यांना विकलं आणि पोबारा केला. पहिला आला त्याला तपासणीच्या यंत्रावर हिरवा दिवा, मागच्यांना लाल. एक बाई माझ्यावरच घसरली — "तुम्हीच सामील असाल!" स्टेडियमच्या चार नंबरच्या गेटवर तेरा वर्षं हेच ऐकतोय.

त्यात आता नावाची तिकिटं. ओळखपत्रावर तेच नाव नसेल तर आत सोडायचं नाही. मी सोडत नाही. बाकीचे मला मागून 'लाल दिवा' म्हणतात. म्हणोत.

घरी आलो, रेडिओ लावला. कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं.

मंगळवार, ५ मार्च

ताईचा फोन. "तुझ्या लेकीला मुख्य भूमिका मिळालीय. रविवारी दुपारी शेवटचा प्रयोग. जा की रे!"

म्हटलं, "मला कुठं बोलावलंय?"

"हाकललंस तू, आणि बोलवायचं तिनं?" फोन आपटला तिनं.

तीन वर्षं झाली. औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून नाटकात जाते म्हणाली. मी म्हणालो — गेलीस तर या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. नाही टाकलं. हट्टीपणात माझ्यावरच गेलीय. तिची आई असती तर दोघांचे कान धरून तिनं समोरासमोर बसवलं असतं.

आठवण येते. फार येते.

बुधवार, ६ मार्च

सगळी तिकिटं संपलेली. ताई म्हणते, मी विचारते तिला. मुळीच नको! बाप वशिल्यानं आत शिरला असं व्हायला नको. रीतसर तिकीट घेऊन जाईन, टाळ्या वाजवीन, पडदा पडला की निघेन. तिला कळायचंही नाही.

गुरुवार, ७ मार्च

तिकिटं परत विकतात त्या साइटवर एक सापडलं. एकच. तिसरी रांग, मधली खुर्ची.

जन्मभर लोकांना सांगत आलो तेच केलं. स्वतःचं खरं नाव दिलं नाही. पैसे साइटवरूनच देणार, कुणाच्या खासगी खात्यात नाही, हे आधीच बजावलं. विकणारा 'बरं' म्हणाला. किंमत छापील तेवढीच. तिथंच माझे कान टवकारले. नफा नाही, तर हा विकतोय कशाला?

विचारलं. उत्तर आलं — "घरच्या माणसासाठी काढलं होतं. ते येणार नाहीत. खुर्ची रिकामी दिसलेली मला बघवणार नाही."

झालं! रडकथा सुरू झाली की समजावं, पाणी मुरतंय. तिकिटावरचं नाव विचारलं, तर "माझं नाही, त्यांचं आहे." चोर तो चोर, वर गळा काढतोय!

मी लिहिलं, "अशी घरची माणसं मी रोज दारातून परत पाठवतो." आणि साइटकडे तक्रार ठोकली. थोड्या वेळानं त्याच्याकडून एक फोटो आला. उघडला नाही. असले फोटो उघडू नयेत.

शुक्रवार, ८ मार्च

गेटवर एक बाप, खांद्यावर मुलगी. तिकीट खोटं. मुलगी विचारत होती, "बाबा, लाल म्हणजे काय?" मी दुसरीकडे बघितलं.

शनिवार, ९ मार्च

दुसरं तिकीट नाही मिळालं. तरी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. कशाला, कोण जाणे.

रविवार, १० मार्च, सकाळी

साइटचं उत्तर आलं. तिकीट खरं आहे, पण नावाचं आहे, दुसऱ्या कुणाला चालणार नाही, म्हणून विक्री बंद केली.

मग फोटो उघडला. तिसरी रांग, मधली खुर्ची. नावाच्या जागी माझं नाव. माझं! वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. खाली तिनं लिहिलंय — "हे बघा, खोटं नाही. बाबांसाठी पहिल्याच दिवशी काढलं होतं. पाठवायचा धीर झाला नाही."

आणि वर माझं ते वाक्य, जसंच्या तसं.

क्रमांकासकट अख्खं तिकीट असं परक्या माणसाला पाठवतात का, वेडे? भेटलीस की हेच आधी सांगणार आहे. नाही — आधी माफी मागणार आहे. प्रयोग तीनला. ओळखपत्र खिशात टाकलंय.