वाटेची पुडी

२४ ऑक्टोबर १९८५, पालम

परवा दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या दवाखान्यावर उतरल्या! आजारी कुणीच नाही, फार तर सर्दी-खोकला. पण कारखान्याकडे निघताना लाल-काळ्या अँटिबायोटिक कॅप्सूलची पुडी बरोबर पाहिजेच. माझ्या आधीचे डॉक्टर मूठमूठ वाटायचे म्हणे. मी एकही दिली नाही. सर्दी आपोआप बरी होते, गरम पाणी प्या म्हटलं. मुकादम चंद्रभान सगळ्यांदेखत म्हणाला, "पानी प्यायला दवाखान्यात कशाला येऊ, साहेब?" लोक हसले. कंपाउंडर बन्सीधरही हसला. तोंड फिरवून, पण हसलाच.

२५ ऑक्टोबर

साठ पेशंट. साठ वेळा तेच बोललो. घसा बसला. बन्सीधर म्हणतो, "देऊन टाका साहेब, कटकट मिटंल." मोह होतो. खरंच होतो.

२६ ऑक्टोबर

चंद्रभानच्याच टोळीतली दैवशाला सात वर्षांच्या लेकीला, रुख्मिणीला, उचलून घेऊन आली. पोरगी धापा टाकतेय, श्वासागणिक बरगड्या आत जातायत. न्यूमोनिया! हिच्यासारख्यांसाठीच तर अँटिबायोटिकचा साठा जपतोय मी. परभणीला न्या म्हटलं, तर म्हणाली, "परवा टरक निघायलाय. टोळी थांबत न्हाई, साहेब." इथेच ठेवून घेतली. इंजेक्शनं सुरू केली.

२८ ऑक्टोबर

ताप उतरला. सकाळी पोरीनं बिस्कीट मागितलं! दैवशालाला पाच दिवसांच्या वीस कॅप्सूल दिल्या, रोज चार. पोर बरी दिसली तरी मधेच थांबवायच्या नाहीत, हे तीनदा तिच्याच तोंडून वदवून घेतलं. ट्रकमधून रुख्मिणीनं हात हलवला. बाकीचे माझ्याकडे बघेनात. नका बघू! आज एक काम नीट झालं. किती दिवसांनी बरं वाटतंय.

६ नोव्हेंबर

बाजारात गावातले माणिकराव भेटले. पुडी न दिल्यामुळे रागावून गेले होते. सर्दी गोळीशिवायच गेलीय. पण बोलले काय, तर "तुमच्यापायी आठ दिस नाक गळालं, डाक्टर." कुणाकुणाला समजावू?

२१ नोव्हेंबर

कारखान्यावरून चंद्रभानचं कार्ड. कुणाकडून तरी लिहवून घेतलंय.

"साहेब, तुमचं औषद लय गुणाचं निघालं. वाटंत समद्यांला सर्दी-पडसं झालं. टोळीत एकाचं ते समद्यांचं असतं. रुख्मिणी तवा खेळायली होती, म्हून वीस गोळ्या दहा जणांत सारख्या वाटल्या. आठ दिसांत समदे ठणठणीत. रुख्मिणीच्या वाट्याला दोन आल्या. ती दिवाळीच्या आधी गेली. तुमचे उपकार आमी इसरनार न्हाई."