‘अनसस्पेक्टिंग’ला मराठी शब्द

३ मार्च
आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या ऑफिसात आज ‘अनसस्पेक्टिंग’वर सगळे अडले. एकजण म्हणाला, भोळा. दुसरा म्हणाला, मूर्ख. शिसारी आली. मूर्खालाही संशय येतो, फक्त भलत्यावर येतो. हा शब्द मी उद्यापर्यंत एकहाती लावणार. मुख्य संपादक महिनाअखेर रिटायर होतायत. खुर्ची कुणाची, हे वेगळं सांगायला नको.

५ मार्च
शब्द लागला नाही. कारण चहा. असला कळकट चहा पिऊन विशेषणं सुचत नाहीत. नवा सहकारी मात्र गुणी. मी त्याला शिष्य म्हणतो. त्याने विचारलं, सर, तुमची टिपणं घरी नेऊ का वाचायला. सगळा गठ्ठाच दिला.

९ मार्च
‘बेसावध’ नको, त्यात त्या माणसाचीच चूक वाटते. ‘अनसस्पेक्टिंग’ माणूस आपला सरळ चाललेला असतो. डाव दुसराच कुणी रचत असतो आणि याला पत्ता नसतो. हे शिष्याला नीट समजावलं. तो म्हणाला, एखादं उदाहरण द्या ना. सुचेना. आमच्या ऑफिसात असा कुणी नाहीच.

१३ मार्च
शिष्य हल्ली मुख्य संपादकांना गाडीतून घरी सोडतो. त्याला बजावलं, लोक लाळघोटेपणा म्हणतील. म्हणाला, सर, वाटेत तुमचाच विषय काढतो मी. भरून आलं. बायको म्हणते, विषय काढतो म्हणजे नक्की काय काढतो? तिच्या संशयी स्वभावाचा वीट आलाय.

१८ मार्च
माझं टेबल संडासाशेजारी हलवलं. वास असह्य. शिष्य म्हणाला, सर, तुम्हाला निवांतपणा मिळावा म्हणून मीच सुचवलं. एवढी काळजी सख्ख्या भावाने केली नाही. नाकाला रुमाल बांधून काम केलं.

३१ मार्च, सकाळ
आज घोषणा. नवा शर्ट. भाषण पाठ. त्यात शिष्याचं कौतुक दोनदा.

३१ मार्च, संध्याकाळ
शिष्य मुख्य संपादक झाला.
भाषणात त्याने ‘अनसस्पेक्टिंग’चा अर्थ उलगडून सांगितला, शब्दन्‌शब्द माझा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप वर गेले. किळस येते. उद्यापासून त्याच्याशी बोलणं बंद. गुड मॉर्निंग तेवढं म्हणेन.
घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्याच्या बायकोने मला गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, सकाळी शर्टाला इस्त्री करताना सांगणार होते, पण तुम्ही आरशासमोर उभे राहून सगळ्यांचे आभार मानत होतात.