ताटलीतले सात नट

अमरावती,
श्रावण वद्य पंचमी, १९६७

प्रिय चंद्रभानभाऊ,

पोळ्याच्या आदल्या दिवसाची ती दुपार तुम्हाला आठवते का? मागच्या अंगणात निंबाखाली गाडी उभी होती, बॉनेट उघडं होतं, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणालात, "बाई, एखादी जुनी ताटली असन तर द्या." मी पोचे आलेली जर्मनची ताटली दिली आणि सोबत वाटीत थोडी हळद दिली. हळद तुम्ही मागितली नव्हती. पण गावाकडे त्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात, आणि इथे तुम्ही त्याच दिवशी गाडीचं तेल बदलता, हे एव्हाना मला ठाऊक झालं होतं. साहेब तुम्हाला चिडवायचे, "चंद्रभान, हिला शिंगं कुठे आहेत रंगवायला?" त्यावर तुम्ही, "हॉर्न हाये ना साहेब," म्हणून पुन्हा गाडीखाली सरकायचात.

हे पत्र सुभद्रा वाचून दाखवत असेल. पोरी, तुझ्या शाळेतल्या मुलांना वाचून दाखवतेस तसं सावकाश वाच, आणि पुढे तुझ्या वडिलांविषयी काही आलं तरी थांबू नकोस. बारा वर्षं लिहायचं राहिलेलं पत्र आहे हे.

आधी बातमी सांगते. गेल्या आठवड्यात मी अकोल्याला चारुशीलेकडे गेले होते. माझी धाकटी बहीण, तुम्ही तिला ओळखता. आपल्या त्याच गाडीने गेले होते, तिच्याखाली तेलाचे थेंब पडताना दिसले, तेव्हा तिने ओमप्रकाश नावाच्या मिस्त्रीला बोलावलं. खालच्या बुचाचे आटे झिजलेत, तेल बदलायचंच आहे तर खालचा तेलाचा अख्खा चेंबर उतरवतो, असं तो म्हणाला. मी बाजूला खुर्ची टाकून बसले होते. चेंबर खाली आला. त्याच्या तळाशी वर्षानुवर्षांचा काळा गाळ शिऱ्यासारखा थिजला होता. ओमप्रकाशने त्यात बोट फिरवलं, काहीतरी उचललं, चिंधीने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. "बाईजी, ये मेहमान कबसे बैठा है अंदर?"

नट होता, भाऊ. तुमचा नट.

मी तो तळहातावर घेतला आणि मूठ मिटून तशीच बसले. चारुशीलेला वाटलं, उन्हाने चक्कर आली. तिने पाणी आणलं. तो बिचारा मिस्त्री मला समजावत राहिला की नट गाळात रुतून पंपाच्या जाळीला टेकला होता म्हणून निभावलं, उसळून वर गेला असता तर भर रस्त्यात इंजिन फुटलं असतं. मी नुसती मान हलवत होते. हा धोका मी बारा वर्षांपूर्वी निंबाखाली तुमच्याच तोंडून ऐकला होता.

तुम्ही त्या दिवशी तेलाबरोबर इंजिनावरचं झाकणही उघडलं होतं. आठ नट काढले आणि ओळीने ताटलीत ठेवले. लावायला घेतले तेव्हा सात. तुम्ही गाडी ढकलून मागे नेली आणि माझी पिठाची चाळणी मागून घेऊन निंबाखालची सगळी माती चाळलीत. एका नटासाठी अंगण चाळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मातीत काही निघालं नाही तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत, "बाई, तुमी मोजा. माह्या डोयाचा भरोसा नाई राह्यला." कॉन्व्हेंटात आमच्या मदर सांगत, नजरेने मोजू नये, बोट लावून मोजावं. मी बोट लावून दोनदा मोजले. सात होते. तुम्ही म्हणालात, "मंग तो अंदरच गेला. उद्या गाडी काढू नका. मी पोयाले घरी नाई जात. दिवसभर बसतो अन् चेंबर खोलतो."

तुम्ही सणाला घरी जाणार नव्हतात, हे फक्त मला माहीत होतं.

साहेबांनी पोळ्याच्या सुटीत अकोल्याच्या पक्षकाराला वेळ दिली होती. ते आले, त्यांनी ऐकलं, आणि त्यांचा कोर्टातला आवाज लागला. "वा! पोळा आला की तुम्हा लोकांचं बरोबर काहीतरी हरवतं. बैलांची आठवण येते, म्हणून गाडीत नट पडतो!" तुम्ही मान खाली घालून एवढंच म्हणालात, "बहाणा नाई साहेब. नट अंदर हाये." मग ते माझ्याकडे वळले. "तू इथेच होतीस ना? तुला काय दिसलं?"

मी मोजले, सात आहेत. एवढंच सांगायचं होतं. पण त्यांच्या चढलेल्या आवाजापुढे मी तोवर कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, "मला त्यातलं काय कळतं?"

तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत. 'बाईंनी मोजले, त्यांना विचारा,' असं म्हणाला असतात तर तुमची नोकरी राहिली असती. वकिलाच्या अंगणात उभे राहून, साक्षीदार समोर असताना, तुम्ही साक्षीदार बोलावला नाही. किल्ली ताटलीशेजारी ठेवलीत, हात धुतलेत आणि गावाकडची, चांदूर बाजारची बस धरलीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक फालतू नट बसवून घेतला आणि दुसऱ्याच ड्रायव्हरला घेऊन ते अकोल्याला जाऊन आले. गाडीला काही झालं नाही. तेच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरलं. पुढचं तुमच्याही कानावर गेलंच असेल. बाररूममध्ये कुणी बिनकामाची तारीख मागितली की वकील विचारायचे, "काय, चंद्रभानचा नट हरवला वाटतं?" अमरावतीत तुम्हाला पुन्हा कुणी गाडीवर ठेवलं नाही. परतवाड्याला दोन जागी विचारलंत, तिथेही तो नट तुमच्या आधी पोचला होता. शेवटी भावाबरोबर वावरात राबलात.

आणि तरीही सहा वर्षांनी, साहेबांच्या छातीत कळा आल्या, नागपूरला न्यायचं ठरलं आणि ड्रायव्हर गावाला गेलेला, तेव्हा मी कोणाला निरोप धाडला? बसवाल्याकडे चिठ्ठी दिली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. तुम्ही पुढच्याच बसने आलात. चहासुद्धा घेतला नाहीत. साहेबांना मागच्या सीटवर उशांमध्ये निजवलंत आणि गाडी हळूहळू हाकत स्टिअरिंगवर असे बसलात जणू कुणाचा श्वास ऐकताय. तिवशाला थांबून बॉनेटवर हात ठेवलात, तेव्हा साहेब क्षीण आवाजात म्हणाले, "काय रे, सापडला का तुझा नट?" तुम्ही मागे वळूनही न बघता म्हणालात, "नाई साहेब. अंदरच हाये. म्हनून तं हयू चालवून राह्यलो. तुमी पडून राहा."

 त्या दिवसापासून तो विनोद त्यांनी पुन्हा केला नाही, आणि त्यांच्यासमोर कुणी केला तर ते उठून जायचे. याहून जास्त त्यांच्याच्याने झालं नाही, भाऊ. त्यांच्या वतीने मी काही मागत नाही. एवढंच सांगते की पुढची तीन वर्षं ते या घरात होते, संध्याकाळी झोपाळ्यावर बसून मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि ती तीन वर्षं आम्हाला तुम्ही आणून दिलीत. ते वाचत असताना कितीदा मनात तुमचं नाव घेतलं आहे. तुमच्यापर्यंत मात्र ते एकदाही पोचवलं नाही.

आमच्या कॉन्व्हेंटात ख्रिस्ती मुली शनिवारी जाळीच्या खिडकीशी गुडघे टेकून आपली चूक सांगायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. मला त्यांचा हेवा वाटे. अकोल्याहून परतताना तो नट रुमालात बांधला होता. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मी ठरवलं होतं की नुसतं तुम्हाला कळवून भागणार नाही. जिथे तुमचं नाव गेलं तिथूनच ते परत आणायला हवं.

म्हणून काल दुपारी मी बाररूममध्ये गेले. साहेबांचे मित्र नारायणराव वकील सोबत होते, नाहीतर पायरी चढले नसते. तिथे बाईमाणूस कधी येत नाही. खुर्च्या सरकल्या, विड्या विझल्या. मी नट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मी मोरोपंतांची पत्नी. त्या दिवशी नट मी मोजले होते. सात होते. आठवा गेल्या आठवड्यात गाडीच्या पोटात सापडला. चंद्रभानभाऊ खरं बोलले होते आणि मी गप्प राहिले." आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.  मग किसनराव नावाचे एक तरुण वकील हळूच म्हणाले, "मग आता तारीख मागताना काय म्हणायचं?" दोघेचौघे हसले. नारायणराव हसले नाहीत. ते म्हणाले, "खरं कारण सांगायचं. चंद्रभान सांगायचा तसं."

एवढं झालं तेव्हाच हे पत्र लिहायचा धीर आला. आता मी चारुशीलेकडे कायमची राहायला चालले आहे. तेव्हा ही वाटणी ऐका. गाडी तुमची. पोळ्याच्या आदल्या दिवशी येऊन घेऊन जा, आणि निघण्यापूर्वी तिचे खांदे तुमच्याच हाताने मळा. तेलाचा डबा आणि हळदीची वाटी मी निंबाखाली ठेवीन. गाडीचे कागद नारायणरावांनी तुमच्या नावाने तयार केले आहेत. पान्यांची पेटीही तुमचीच. साहेबांचं शाईचं पेन सुभद्रेला. साहेबांची काठी तुमच्या भावाला, तुम्ही इथे होता तेव्हा दर वर्षी बैलांचे खांदे त्याने एकट्याने मळले. नट सध्या बाररूममध्ये आहे. ज्यांनी ज्यांनी तो शब्द वापरला त्यांनी एकदा हातात धरून बघावा, असं नारायणरावांनी ठरवलं आहे. पोळ्यापर्यंत तो परत येईल. फालतू नट काढून तो त्याच्या जागी तुम्ही लावा. ताटली मात्र देणार नाही. ती माझ्याबरोबर अकोल्याला येईल.

तुमचीच,
सरोजिनी